‘दोन्ही कानांत’ या दोन शब्दांशी आमची गाठ

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी गालगुंड झाले. आठवड्याभरात सूज उतरली, पण डाव्या कानाचे ऐकणे गेले ते कायमचे. आम्हाला ते कळायलाही काही महिने लागले, कारण घरातल्या शांततेत ती उजव्या कानावर सगळे निभावून नेत होती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की ती ‘आले’ म्हणायची आणि मला शोधत भलत्याच खोलीत जायची. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखायला दोन कान लागतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

ती सातवीत गेल्यावर अडचण वाढली. भरलेला वर्ग, वर पंखे, खिडकीबाहेर रस्ता. अशा ठिकाणी डावीकडून कोणी बोलले तर तिला नुसता गलका ऐकू येई, आणि शुद्धलेखनाच्या वहीत शब्दच्या शब्द गळलेले असत. मी शाळेकडे दोनच गोष्टी मागितल्या: तिची बसायची जागा ठरवून द्यावी आणि तोंडी सूचना फळ्यावर लिहाव्यात. बाईंनी आपुलकीने ऐकून घेतले, पण कार्यालयातून उत्तर आले की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणल्याशिवाय अशी नोंद करता येणार नाही.

मग स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, आधार कार्ड आणि फोटो जोडले आणि ठरलेल्या वारी सरकारी रुग्णालयात गेलो. आवाजबंद खोलीत मुलीला हेडफोन लावून बसवले. आवाज आला की बटण दाबायचे. आलेखाच्या कागदावर उजव्या कानाची लाल वर्तुळे वरच्या बाजूला ओळीने उमटली. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या पार तळाला, यंत्राचा सगळ्यांत मोठा आवाजही न पोचल्याची खूण घेऊन. चांगल्या कानाने मदत करू नये म्हणून त्यात खरखर सोडली होती, त्यामुळे निकालाबद्दल शंकेला जागा नव्हती.

तपासणाऱ्या मॅडमनी कागदाच्या मागेच गणित मांडून दाखवले. चांगल्या कानाची टक्केवारी गुणिले पाच, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवायची आणि सहाने भागायचे. शून्य अधिक शंभर, भागिले सहा: 16.67. ‘ताई, एक कान पूर्ण गेलाय हे मला दिसतंय, पण कायद्यात दोन्ही कान म्हटलंय,’ त्या म्हणाल्या. अर्ज नामंजूर झाला.

अपिलाची सोय आहे, पण अपील कशाविरुद्ध करायचे? मोजणीत चूक नव्हतीच. तेव्हा मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 वाचायला घेतला. परिशिष्टात 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात सातच होते, म्हणजे दार रुंदच झाले होते. बहिरेपणा म्हणजे दोन्ही कानांत 70 डेसिबलची हानी आणि ऐकण्यातील कमतरता म्हणजे दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची हानी, असे तिथे लिहिले आहे. जुन्या कायद्यातही मोजमाप चांगल्या कानाचेच होते. माझी मुलगी कोणत्याच ओळीत बसत नव्हती.

मात्र त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये ‘दिव्यांग व्यक्ती’ची जी व्याख्या आहे, तिच्यात डेसिबल नाहीत आणि टक्केही नाहीत. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची कमतरता, आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्यात येणारी अडचण, एवढेच तिथे म्हटले आहे. किमान 40 टक्क्यांची ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची व्याख्या वेगळी आहे, आणि ती प्रामुख्याने आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. तिथे रेघ ओढावी लागते हे मला मान्य आहे. जागा मोजक्या असतात आणि ज्यांना काहीच ऐकू येत नाही त्यांचा हक्क आधी आहे. पण वर्गातली बाकाची जागा ही काही नोकरीची जागा नव्हे. शिक्का फक्त टक्क्यांचा मिळतो, म्हणून अरुंद व्याख्याच सगळीकडे चालवली जाते आणि रुंद व्याख्या छापील पानावरच राहते.

व्याख्येने माणसांची संख्यासुद्धा बदलते. 2001 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेले सुमारे 12.6 लाख लोक नोंदले गेले आणि 2011 मध्ये सुमारे 50.7 लाख. दहा वर्षांत देश चौपट बहिरा झाला नव्हता. प्रश्न विचारण्याची रीत बदलली होती आणि श्रवणयंत्राने ऐकणारे, जे आधी वगळले जात, तेही मोजले गेले. सरकारी तरतुदींची चर्चा अशाच आकड्यांवरून होते, म्हणून मला हे फार गंभीर वाटते.

आधार मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 11 फेब्रुवारी 2021 च्या निकालाचा. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, आणि तो ठरावीक प्रकारांत बसत नाही म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला होता. लेखनिकासाठी लक्षणीय दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मी मुख्याध्यापकांना दीड पानी अर्ज लिहिला. त्यात कलम 2 मधली व्याख्या, शाळांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याबद्दलचे कलम 16, हा निकाल आणि तो लाल-निळा आलेख, असे सगळे जोडले. आरक्षण किंवा पैशाचा लाभ मागत नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिले.

त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि त्यावरच शेरा लिहून सही केली. फळ्याकडे तोंड केल्यावर डाव्या भिंतीलगतचा दुसरा बाक आता तिचा आहे, म्हणजे चांगला कान सगळ्या वर्गाकडे राहतो. शुद्धलेखनातले गळणारे शब्द त्याच सत्रात कमी झाले.

येत्या जूनमध्ये ती नव्या शाळेत जाईल. त्यांच्या प्रवेश अर्जात ‘दिव्यांगत्वाची टक्केवारी’ असा एक चौकोन आहे, आणि ‘लागू नाही’ असा दुसरा. मी दोन्ही रिकामे सोडले आहेत आणि समासात लिहिले आहे: ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही. वर्गात डाव्या भिंतीकडे बसवावे. अर्ज सोबत जोडला आहे.’