तुम्ही विचारलेत म्हणून: त्या लॅपटॉपला इंटरनेट का नाही

‘तुमच्या त्या जुन्या लॅपटॉपला इंटरनेट का नाही आणि निदान एक प्रत क्लाउडवर का ठेवत नाही?’ हा प्रश्न मला वकिलांनी विचारला आहे, कार्यकर्त्यांनी विचारला आहे आणि संगणकक्षेत्रात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने तर दर दिवाळीला विचारला आहे. आजवर मी ‘सवय आहे’ किंवा ‘असू द्या, जपलेले बरे’ असे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली. गेल्या बैठकीत मात्र एकाने ‘मॅडमची तिजोरी’ असा उल्लेख केला, सगळे हसले, आणि मीही हसले, याचा मला घरी आल्यावर राग आला. म्हणून हे लिहिते आहे.

रायगडातल्या गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांची निवेदने त्या लॅपटॉपवर आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात संमत झाला, जुलै २०१७ पासून लागू झाला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हेही तुम्हीच मला अनेकदा ऐकवलेले आहे. ‘कोण वाळीत आहे हे अख्ख्या गावाला माहीत असते, मग लपवायचे काय?’ असे तुम्ही म्हणता, तेव्हा मात्र मला वाटते की तुम्ही ती निवेदने नीट ऐकलेलीच नाहीत. वाळीत टाकलेल्याचे नाव गुप्त नसते. गुप्त असते ते त्याला रात्री दळण दळून देणाऱ्याचे नाव, दुसऱ्या गावच्या दुकानातून त्याचा किराणा आपल्या पिशवीत घालून आणणाऱ्या शेजारणीचे नाव, आणि त्याच्या घरच्या मयताला जाता आले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी स्मशानात एकट्याने जाऊन आलेल्या चुलतभावाचे नाव. बोलले तरी दंड, अशी जिथे रीत आहे तिथे या नावांची किंमत काय असते, हे मी वेगळे सांगायला नको.

लॅपटॉप तयार करण्यात फारशी विद्या नव्हती. वापरलेला पण दणकट लॅपटॉप घेतला, आणि घेताना एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे वायफायचे कार्ड मदरबोर्डवर डाखलेले नसून खाचेत बसवलेले असावे. मागचे झाकण उघडून अँटेनाच्या दोन बारीक तारा सोडवल्या आणि नखाएवढ्या कनेक्टरांची टोके चिकटपट्टीत गुंडाळून कार्ड बाहेर काढले. ब्लूटूथ त्याच कार्डावर असल्याने तेही गेले. इंटरनेटच्या केबलची जागा बायोसमधून, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमधून, बंद केली. विंडोजऐवजी डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली घेतली; तिच्या उतरवून घेतलेल्या फाइलची डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे ती अस्सल असल्याची खूण, दुसऱ्या संगणकावर तपासली, मगच पेन ड्राइव्हवरून बसवले, आणि बसवतानाच संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली, म्हणजे परवलीशिवाय वाचता येणार नाही अशी केली. परवलीसाठी फासे टाकले. पाच फाशांच्या एका फेकीतून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द मिळतो, आणि असे सहा शब्द पाठ केले की कोणी अंदाजाने तिथवर पोहोचेल ही भीती उरत नाही. लॅपटॉप मी कधीही नुसता मिटून ठेवत नाही, पूर्ण बंद करते, कारण झोपवलेल्या यंत्राच्या मेमरीत डिस्क उघडणारी किल्ली तशीच राहते.

त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टींचा. वर्षानुवर्षे इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनांवर बोटे पोसलेली, ती या यंत्रावर नाहीत, त्यामुळे इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक उतारवयात शिकावा लागला, आणि आता मात्र त्याच्याशिवाय टंकता येत नाही. बायोसचा गोल चपटा सेल संपला तेव्हा घड्याळ मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसले. बाहेरून वेळ विचारायची सोयच नाही, म्हणून प्रत्येक निवेदनाची तारीख कागदी नोंदवहीतही लिहू लागले. कळफलकाची दोन बटणे गेली तेव्हा दुरुस्तीला देण्याआधी मी डिस्क काढून पर्समध्ये घातली. दुकानातला मुलगा ‘मॅडम, एवढा पण विश्वास नाही का?’ म्हणाला, आणि त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही, कारण त्याच्यावर अविश्वास ठेवण्यासारखे त्याने काहीच केले नव्हते.

इंटरनेट नाही म्हणजे सगळे सुरक्षित, असे मी कधीही म्हटलेले नाही. ते माझ्या तोंडी घालू नका. २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा यूएसबी ड्राइव्हवरून पसरणारा घातक संगणकप्रोग्राम इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पापर्यंत गेला, आणि तिथली यंत्रे माझ्या लॅपटॉपपेक्षा नक्कीच अधिक जपलेली होती. म्हणूनच माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन येणाऱ्यांना मी परत पाठवते. आत जाते ते फक्त माझ्याच रेकॉर्डरचे कार्ड, आणि बाहेर येतो तो नावे काढलेला मजकूर.

आता ज्या प्रसंगामुळे तुम्ही हा प्रश्न जास्तच विचारू लागलात, त्याबद्दल. तुम्हाला त्यातला शेवटच माहीत आहे.

ती बाई वाळीत टाकलेल्यांपैकी नव्हती. ती किराणा आणून देणारी शेजारीण होती. एका दुपारी सगळ्यांची नजर चुकवून ती माझ्याशी बोलली: कोणत्या पंचाने दारात येऊन काय धमकी दिली, दंडाचा आकडा काय सांगितला, आपण ऐकल्याचे सोंग घेऊन पुन्हा पिशवी कशी भरली. बोलण्याआधी तिने विचारले होते, ‘मला नको वाटलं तर पुसाल ना?’ मी हो म्हटले होते. हा प्रश्न सगळेच विचारतात आणि मी सगळ्यांनाच हो म्हणते, म्हणून तर हे यंत्र असे बांधलेले आहे.

काही महिन्यांनी ती नवरा आणि दीर यांच्यासह माझ्या दारात उभी राहिली. कुणकुण कशी लागली ते मला शेवटपर्यंत कळले नाही. दिराने बसायचे नाकारले आणि सांगितले, ‘हिचं जे काय भरून घेतलंय ते आमच्यासमोर पुसा.’ पाणी द्यायच्या निमित्ताने मी तिला स्वयंपाकघरात बोलावले आणि विचारले, की हे तुम्हाला हवे आहे की त्यांना. ती म्हणाली, ‘ते बाहेर उभे आहेत म्हणून नाही सांगत.’ मग तांब्या ओट्यावर ठेवून म्हणाली, ‘पण पुसा.’ या दोन वाक्यांतले कोणते खरे धरायचे, याचा निर्णय मला तिथेच, ती स्वयंपाकघरातून बाहेर पडायच्या आत घ्यायचा होता. त्या निवेदनावर तेव्हा कोणताही खटला उभा नव्हता; असता तर पुसण्याचा अधिकार मलाही नव्हता.

मी लॅपटॉप सुरू केला. प्रत्येक व्यक्तीचे ध्वनिमुद्रण मी वेगळ्या कूटबद्ध कप्प्यात ठेवते आणि त्या कप्प्याची लांबलचक परवली यंत्राकडूनच तयार करून घेते, मलाही ती पाठ नसते. याचे कारण असे, की एसएसडीवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या चिपवाल्या डिस्कवर, फाइल पुसली किंवा तिच्यावर दुसरे काही लिहिले, तरी ते नेमके कोणत्या जागी लिहिले जाईल हे आतला नियंत्रक ठरवतो, आणि जुन्या खुणा कुठे राहिल्या हे आपल्याला सांगता येत नाही. म्हणून कप्प्याबरोबर किल्ली नष्ट करायची. मी दोन्ही नष्ट केले. घरातली बाहेरची डिस्क जोडून तिच्यावरचेही नष्ट केले. रेकॉर्डरचे मूळ कार्ड खणातून काढून पकडीने त्यांच्यासमोर तोडले. काळे तुकडे टेबलावर उडाले, ते दिराने गोळा केले आणि खिशात टाकले.

मग त्याने विचारले, ‘आणखी कुठं कॉपी?’ दुसऱ्या तालुक्यात एका सहकाऱ्याकडे आणखी एक डिस्क होती. नाही म्हणणे सोपे होते. मी होती म्हटले, आणि उद्या जाऊन पुसते असे सांगितले. ‘म्हणजे आहेच की,’ तो म्हणाला, आणि त्याने तिच्याकडे पाहिले. त्या एका रात्रीचे तिच्या घरी काय झाले असेल, हे मी तिला कधी विचारलेले नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने जाऊन मी ती प्रतही संपवली.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. गावकीने त्या घरावरही दंड बसवलाच, आणि दंड भरला नाही म्हणून त्यांनाही वाळीत टाकले. तिने दुसऱ्याच कोणाच्या नंबरवरून फोन केला आणि विचारले, ‘माझं ते बोलणं आहे का अजून?’ मी नाही म्हटले. ती म्हणाली, ‘कुठंच?’ वकिलांचे म्हणणे होते की नवे निवेदन घ्या. पण वाद अंगावर येण्याआधी दिलेल्या निवेदनाला जे वजन असते ते नंतरच्याला येत नाही, हे त्यांनीच मला शिकवले होते, आणि ती तर पुन्हा बोलायलाच तयार झाली नाही. नोंदवहीत त्या ध्वनिमुद्रणाचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्यासाठी तिच्यावरून काढलेला ठसा, अजून आहे, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्रात ते द्यावे लागते म्हणून मी प्रत्येकाचे उतरवून ठेवते. ती चौसष्ट अक्षरे, शेजारी तारीख आणि माझी सही. त्या अक्षरांवरून तिचा एक शब्दही परत मिळवता येत नाही.

तेव्हापासून तुम्ही म्हणता, ‘क्लाउडवर एक प्रत असती तर?’ हे वाक्य म्हणताना तुम्ही काय मागता आहात, याचा विचार करा. तिला पुसले म्हणून सांगायचे आणि तिच्या नकळत एक प्रत ठेवायची, आणि पुढे ती उपयोगी पडली की स्वतःला दूरदर्शी म्हणवून घ्यायचे. असे एकदा जरी उघड झाले, तर या तालुक्यात माझ्यापुढे कोणी तोंड उघडेल का?

भाच्याचा मुद्दा मात्र याहून सरळ आहे आणि तो मला खोडता आलेला नाही. तो म्हणतो, ‘मावशी, घरीच कूटबद्ध करून वर चढवलंस तर कंपनीच्या हाती काही लागत नाही, आणि किल्ली नष्ट केलीस की वरची प्रतही मेलीच. मग फरक काय?’ गणिताच्या दृष्टीने फरक नाही, हे मी त्याला मान्य केले आहे. फरक माझ्या टेबलापाशी पडतो. ‘अमेरिकेतल्या यंत्रावर आहे, पण आता ते उघडणार नाही’ हे मी त्या दिराला कसे पटवले असते? दुसऱ्या तालुक्यातली डिस्कसुद्धा त्याला पटली नव्हती. यावर भाचा म्हणतो की तू यंत्राची सुरक्षितता बघत नाहीस, बघणाऱ्याचे समाधान बघतेस. असेल तसे. पण घरी जाऊन त्या बघणाऱ्याच्या हाती सापडणार होती ती बाई.

हे यंत्र बांधायला घेतले तेव्हा ‘काही हरवता कामा नये आणि परक्याच्या हाती जाता कामा नये’ असे मी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. ती मी आज मला भेटली तर विचारेल, की परका दारात येऊन उभा राहिला आणि तू स्वतः त्याच्यासमोर यंत्र उघडलेस, मग त्या वायफाय कार्डाचे काय एवढे कौतुक? मी तिला सांगेन, की मागणी त्याची होती, पण शब्द मी तिला दिला होता. ती विचारेल, की ते तू स्वयंपाकघरातल्या कोणत्या वाक्यावरून ठरवलेस? आमची ही बाचाबाची इथेच अडते.

वकिलांनी सुचवले आहे, की पुसण्याची मागणी आल्यावर तीस दिवसांची मुदत ठेवा, तेवढ्यात माणसाचे मन थाऱ्यावर येते. सूचना चांगली आहे. सोबत कोणी नसताना एकट्याने आलेल्यांना ती मी आता सांगतेही, आणि दोघांनी ती मानली आहे. पण सोबत कोणी उभे असताना ‘तीस दिवस थांबा’ म्हटले, तर ते तीस दिवस त्या बाईला त्याच घरात काढायचे असतात. तिच्यासाठी वेगळा नियम करायचा तर तो करणार कोण आणि कशावरून, हे वकिलांनी अजून सांगितलेले नाही, आणि मलाही सुचलेले नाही. तोवर पुसा म्हटले की मी पुसते, आणि लॅपटॉपला इंटरनेट जोडत नाही.