झुकिनीच्या वड्या, पण न तळता

न्यू जर्सीत जुलै लागला की परसातली झुकिनी आवरेनाशी होते. बोटाएवढी म्हणून सोडलेली चार दिवस पानाआड राहिली की थेट दुधीच! शेजारणीला दोनदा देऊन झाली. हल्ली ती मला बघून दार लावून घेते की काय, अशी शंका येते.

म्हणून परवा भिशीला वड्या केल्या. दोन झुकिनी किसल्या, मीठ लावून वीस मिनिटं ठेवल्या आणि जुन्या पंचात बांधून जीव खाऊन पिळल्या. वाटीभर हिरवट पाणी निघालं. गेल्या वर्षी पिळायचा कंटाळा केला, तर ट्रेमध्ये चक्क पिठलं झालं होतं! खारट पाणी कणकेत जिरवलं.

किसात वाटीभर बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, आलं-मिरची, ओवा, हळद. चपट्या वड्या थापून वर तीळ, तेलाचा हात आणि ओव्हनमध्ये 400 फॅरनहाइटला 25 मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कडा मस्त खरपूस झाल्या.

"तळलेल्याची सर नाही हो," म्हणत सासूबाईंनी चौथी वडी उचलली.