स्काउट पथकासाठी गळ टाकण्याची जागा

आज पथकातील मुलांना गळाने मासे पकडायला शिकवता येतील असे पाणवठे पाहून आलो. मासे कोठे असतील हे ओळखणे तुलनेने सोपे असते, कारण तलावाला जिथे ओढा मिळतो तिथे वाहत्या पाण्याबरोबर प्राणवायू आणि खाद्य दोन्ही येतात. खरी अडचण काठाची असते. नवशिकी मुले मागे न पाहता गळ फेकतात (मोठेही फेकतात, ते असो), म्हणून दोघांमध्ये पुरेसे अंतर राहील असा मोकळा, हळूहळू खोल होत जाणारा काठ हवा आणि डोक्यावर विजेच्या तारा नसाव्यात. त्यामुळे भरपूर मासे असूनही निसरड्या काठाचा डोह मी बाद केला आणि लहान माशांचा उथळ तलाव निवडला. मासेमारीच्या परवानगीची चौकशी उद्या करणार आहे.