चहाचा चोथा ओला कचरा नाही

सोलमधील या इमारतीत राहायला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी मला कचऱ्याच्या यंत्रापाशी अडवले आणि माझ्या डब्यातील चहाचा चोथा, कांद्याच्या साली व अंड्यांची टरफले यांच्याकडे बोट दाखवून नकारार्थी मान हलवली. पुण्यात वर्षानुवर्षे ओला-सुका वेगळा करून आलेल्या मला तो अपमानच वाटला.

दक्षिण कोरियात अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरण्यास २००५ पासून बंदी आहे आणि २०१३ पासून जितका कचरा तितके शुल्क ही पद्धत देशभर लागू आहे. आमच्या यंत्रावर कार्ड टेकवले की झाकण उघडते, टाकलेल्या कचऱ्याचे वजन पडद्यावर उमटते आणि त्याचे पैसे महिन्याच्या मेंटेनन्समध्ये धरले जातात. रक्कम अगदी किरकोळ असते. पण मागे कोणी उभे असताना आकडा मोठा आला की ओशाळल्यासारखे होते. डबा रिकामा करण्यापूर्वी त्यातील पाणी निथळून काढण्याची सवय मला त्या आकड्याने लावली.

भिंतीवर पत्रक होतेच: हाडे नकोत, शिंपले नकोत, फळांच्या कठीण बिया नकोत. भाषांतराच्या ॲपमधून मी ते तीनदा वाचले आणि तीनदा चुकले, कारण चोथ्यासारखी ओलीचिंब वस्तू ओल्या कचऱ्यात का चालत नाही, हे त्यात कुठेच लिहिलेले नव्हते. अखेर मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये मी आजींनाच विचारले. जनावराला खाता येईल ते यंत्रात, उरलेले साध्या कचऱ्यात, असे त्यांनी सांगितले. येथे या कचऱ्यापासून पशुखाद्य, खत आणि बायोगॅस तयार होतो, हे कळल्यावर ती लांबलचक यादी पाठ करण्याची गरजच उरली नाही. हे एक वाक्य पत्रकाच्या माथ्यावर छापायला काय हरकत होती? रहिवाशांनी सहकार्य करावे अशी विनंती ठळक अक्षरांत करायची आणि कारण मात्र शेजारणीवर सोडायचे, याचा मला अजूनही राग येतो.

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारापर्यंत येत आणि चुकले की तिथल्या तिथे सुनावत. ते या यंत्राला जमणार नाही. अर्थात, आमच्या ओल्या डब्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांनाच हाताने वेचाव्या लागत, हेही खरे.

चोथा मात्र मी साध्या कचऱ्यातही टाकत नाही. धुऊन, वाळवून बाल्कनीतील कुंडीत घालते. त्यावर आजींचे मत मी अजून विचारलेले नाही.