एका पानाचं व्हायोलेट

आज सकाळी आफ्रिकन व्हायोलेटला पहिलं फूल आलं. गडद जांभळं, मधोमध पिवळे परागकोश. अजून चार कळ्या माना घालून बसल्यात. हे अख्खं रोप एका पानातून उभं राहिलंय, म्हणून सकाळपासून मी चार वेळा खिडकीशी जाऊन आले.

आधीचं रोप पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातून आणलं होतं. तुळशीला घालावं तसं मी रोज वरून तांब्याने पाणी घालायचे. गेल्या आषाढात मधला गाभा मऊ पडला आणि आठवड्यात सगळं कुजलं. सासूबाई रोज त्याच्या कळ्या मोजायच्या. दोघींनाही फार लागलं.

कडेचं एक पान तेवढं टणक होतं. दीड इंच देठ ठेवून तिरका काप दिला, ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात खोचलं, वर पारदर्शक पिशवी. घटस्थापनेच्या सुमारास देठाच्या बुडाशी मुगाएवढी पानं दिसली! (पाकळ्यांवर पट्टे असणाऱ्या काही जाती मात्र पानापासून लावल्या तर तशाच येत नाहीत.)

नावात व्हायोलेट असलं तरी हे त्या कुळातलं नाही. ग्लॉक्सिनिया नावाच्या, घंटेसारख्या फुलांच्या रोपाचं भावंड आहे. मूळचं टांझानियातल्या उसांबारासारख्या डोंगरांतलं. वॉल्टर फॉन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्याने १८९२ च्या सुमारास ते युरोपात पाठवलं, त्याच्यावरून १८९३ मध्ये सेंटपॉलिया नाव पडलं. आता शास्त्रज्ञ त्याला स्ट्रेप्टोकार्पस या वनस्पतींच्या मोठ्या गटात धरतात. त्या डोंगरांत ते रानाच्या सावलीत, शेवाळलेल्या कातळाच्या खाचांत वाढतं. हे वाचलं आणि माझं काय चुकत होतं ते लख्ख कळलं. मुळं उथळ, म्हणून चार इंची कुंडी पुरते. गाभ्यात पाणी साचलं की कूज, लवदार पानांवर गार पाणी पडलं की डाग.

आता बशीत कोमट पाणी घालते, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून देते. कर्वेनगरच्या आमच्या घरात पूर्वेच्या खिडकीला सकाळचं कोवळं ऊन पातळ पडद्यातून येतं, तेवढं त्याला बास. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात कुंडीखाली पाणी घातलेल्या खड्यांचा ट्रे ठेवला होता, बूड पाण्याला न टेकता.

खालच्या काकूंनी पान मागितलंय. पानं अजून लहान आहेत. दिवाळीनंतर देते म्हटलं.