तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या गाण्यावर भागतं का?

मुलीचं नाव क्लासला घालायला आलेले वडील आधी फी विचारतात, मग वार विचारतात आणि निघताना चपला पायात सरकवत म्हणतात, ‘ताई, एक विचारू का? नुसत्या गाण्यावर भागतं का हो?’

भागतं. 24 वर्षं भागतंय. पण कसं, ते दारात उभ्याउभ्या सांगून होत नाही.

मी अमळनेरला राहते. घरभाडं निघतं ते क्लासमधून. आठवडाभर घरी, शनिवारी सकाळच्या गाडीनं दोंडाईचाला. बरीच मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून हल्ली गर्दी वाढली आहे. गुणांसाठी आलेलं मूलही मला चालतं. भूप रागातला गंधार एकदा मनासारखा लागला की त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतंच. फी मात्र शेताच्या हिशोबानं येते. पेरणीच्या दिवसांत थांबते, कापूस विकला की चार महिन्यांची एकदम. एका शाळेत मी 11 वर्षं तासिकेवर शिकवलं. एका जूनमध्ये गेले, तर वेळापत्रकात गाण्याचा तासच नव्हता. ते दुखलं, अजून दुखतं.

उरलेलं पेटीवर. गणपतीत गायनस्पर्धांना साथ, दिवाळी पहाट, भजनी मंडळं, आणि कीर्तनं. विशारद झाल्यावर पहिल्यांदा कीर्तनाला बसले, ते वैशाखात. आमच्याकडे सखाराम महाराजांचा उत्सव त्याच दिवसांत भरतो, आणि ऊन असं की रात्रीसुद्धा मंडपाचे खांब गरम लागतात. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या बाजूला, लावलेली कणीक सुकत होती, शाईच्या बाजूचा सूर चढत होता, मृदंगी दर अभंगानंतर सूर जुळवायला लाकडी गठ्ठे ठोकत होते. पेटी तेवढी जागच्या जागी. त्यात कीर्तनकार महाराजांनी अशी चाल उचलली की मी कधी ऐकलीच नव्हती. मी दोन ओळी भलतंच वाजवत राहिले. शेजारून मृदंगी हळूच म्हणाले, ‘ताई, बोटं उचला. आधी ऐका.’

सात परीक्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आता मध्यमा परीक्षेच्या मुलांना मी भजनाला सोबत नेते. वाजवायचं नाही, टाळ धरून बसायचं आणि पुढचा माणूस श्वास कुठे घेतो ते ऐकायचं. काही पालकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. माझं मत उलटं आहे. ज्याला दुसऱ्याचं गाणं ऐकता येत नाही, त्याचा ख्याल मला अजून तरी आवडलेला नाही.

आणि एक रात्र बिनपैशाची. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरोघरी बसते. रात्रभर बायका अहिराणीत गाणी म्हणतात, मीही त्यांच्यात बसते. पेटी घरी ठेवून. तरुणपणी एकदा हौसेनं नेली होती. त्यांच्या एका गाण्यातला गंधार कोमल पट्टीवर सापडेना, शुद्धवरही सापडेना. तो दोन्हींच्या मधे कुठेतरी होता आणि सात-आठ जणींचा नेमका एकाच जागी लागत होता. त्यांच्यापैकी कुणीही सरगम शिकलेली नव्हती. मी भाता बंद केला. सोमवारी विसर्जन झालं, संध्याकाळी क्लास होता. त्या दिवसापासून माझ्याकडे आवाज लावायचा तो तानपुऱ्यावर, पेटी नंतर.

तर, भागतं ते असं. क्लास, साथ, उत्सव, मधले कोरडे महिने, सगळं धरून. मुलीचं पुढे कसं होईल, हे मला तिच्या पहिल्या महिन्यात सांगता येणार नाही.

म्हणून मीच वडिलांना विचारते, ‘घरी कोणी गातं का?’ ते म्हणतात, ‘नाही हो, आमच्यात कोणीच नाही.’ मग मुलगीच मागून सांगते, ‘आजी म्हणते ना, कानबाईची.’

आजीला एकदा क्लासला घेऊन या, असं मी सांगते. तिची फी नाही.