अर्ध्या एकराचे तळे आणि घरचा हिशेब : माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भातावर जगणाऱ्या आमच्यासारख्या घरांची अडचण अशी, की सुगीनंतर हाती आलेला पैसा शिमग्यापर्यंतही पुरत नाही आणि घरातल्या एका तरी माणसाला मजुरीसाठी गोव्याची वाट धरावी लागते. माझे यजमान लग्नाआधीपासून तिकडे बांधकामावर जातात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही सखल भागातल्या अर्धा एकर भातशेतीचे मत्स्यतळे केले. त्याचा अर्ज, कर्ज, वर्षभराचा खर्च आणि विक्री या सर्वांची वही मीच ठेवली असल्याने, अशा तळ्यातून गरीब घराच्या पदरात नेमके काय पडते आणि ते केव्हा पडते, हे आकड्यांनिशी लिहीत आहे. यातला ‘केव्हा’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण प्रकल्प अहवालात तो कुठेच दिसत नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गोड्या पाण्याच्या नव्या तळ्यासाठी हेक्टरी ७ लाख रुपये आणि बीज (माशांची पिल्ले), खाद्य वगैरेंसाठी हेक्टरी ४ लाख रुपये इतका खर्च आम्ही अर्ज केला तेव्हा ग्राह्य धरला जात होता. त्यावर सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान मिळत होते. अर्धा एकर म्हणजे साधारण ०.२ हेक्टर. त्या हिशेबाने तळ्याच्या १,४०,००० रुपयांवर माझ्या नावाने ८४,००० आणि यजमानांच्या नावाने ५६,००० रुपये मिळणार होते. अर्ज माझ्या नावाने करायचा हे घरात लगेच ठरले, पण जमीन सासऱ्यांच्या आणि चुलत सासऱ्यांच्या सामाईक नावावर होती. पहाणीवर (इथल्या सातबारासारख्या उताऱ्यावर) ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची संमती मिळवून माझ्या नावाने नोंदणीकृत भाडेपट्टा करणे, हे सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत वेळखाऊ काम ठरले. चुलत सासऱ्यांना जमीन हातची जाईल अशी भीती होती आणि ती रास्तही होती, कारण एकदा खणलेली भातशेती सहजासहजी पुन्हा भाताची होत नाही. त्यांच्या वाट्याच्या भाताइतके धान्य दरवर्षी देण्याचे लिहून दिल्यावरच त्यांनी सही केली. इथली सर्व कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे, त्यामुळे भाडेपट्ट्याचा मसुदा माझ्या पुतण्याने मला ओळ न् ओळ वाचून समजावला आणि त्यानंतरच मी तो पुढे पाठवला. ज्या बहिणी असा अर्ज करणार असतील त्यांनी एवढी काळजी अवश्य घ्यावी.

आता मूळ मुद्दा. अनुदान मंजूर होते ते कागदावर, खात्यात जमा होते ते काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर. तोपर्यंतचा सारा खर्च घराने उभा करायचा असतो. जेसीबीने खोदाई, बांधाची दाबाई, पाणी आत घेण्याची आणि बाहेर सोडण्याची पाइपलाइन व जाळ्या मिळून १,५२,००० रुपये झाले. यजमानांच्या शिल्लकीतले ३२,००० सोडले, तर उरलेल्या १,२०,००० रुपयांसाठी माझे दागिने तारण ठेवावे लागले. अनुदान येईपर्यंत त्यावर १२,००० रुपयांच्या आसपास व्याज गेले. ज्या घरात तारण ठेवण्याजोगे सोने नाही, त्या घराला ६० टक्के अनुदानाचा उपयोग काय, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही पडतो. ही योजना गरिबांसाठी असली तरी तिच्या दारातून आत जायला थोडी श्रीमंती आधीच अंगावर असावी लागते.

खाद्यासाठी मात्र किसान क्रेडिट कार्डाचा मोठा आधार झाला. २०१८-१९ पासून हे कार्ड मत्स्यपालनालाही मिळते. व्याज ७ टक्के असून वेळेवर फेडल्यास ३ टक्क्यांची सवलत मिळते, म्हणजे प्रत्यक्षात ४ टक्केच पडते. आमच्या भागातल्या अनेक बायका आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज घेतात, आणि तळ्यासाठीही तेच घ्यावे असे मला सुचवले गेले होते. म्हैस दररोज दूध देते, किराणा दुकानात दररोज गल्ला जमतो, तिथे आठवड्याचा हप्ता चालेल. मासा दहा महिने फक्त खातो आणि पैसा एकदम शेवटी देतो. अशा धंद्याला आठवड्याचा हप्ता लावला, तर तो हप्ता मजुरीतून किंवा दुसऱ्या कर्जातून भरावा लागतो आणि तळे चांगले पिकूनही घर बुडते.

प्रत्यक्ष संगोपनाविषयी थोडक्यात सांगते. तळ्यात चुना आणि शेणखत घालून, पाणी हिरवट झाल्यावर आम्ही १,६०० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. वरच्या थरात चरणारा कटला, मधल्या थरातला रोहू आणि तळाशी चरणारा मृगळ एकत्र असल्याने तळ्यातले सर्व नैसर्गिक खाद्य कामी येते. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे (कटला, रोहू, मृगळ ज्या गटातले, त्या माशांचे) यशस्वी प्रजनन केले, म्हणूनच आज बीज विकत मिळते. मात्र त्याचा दुसरा अर्थ असा, की बीजाचा खर्च दरवर्षी करावाच लागतो. खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात दिली. तालुक्यात भात-गिरण्या असल्याने कोंडा जवळच मिळतो, पेंड महाग पडते. ढगाळ हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, की पाण्यातला प्राणवायू कमी झाला असे समजावे. अशा वेळी खाद्य बंद ठेवून आम्ही विहिरीचे पाणी पंपाने वरून फवारत असू.

त्या वर्षी पाऊस कमी झाला आणि कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर झाले. एप्रिल २०२४ मध्ये तळ्याचे पाणी इतके खाली गेले, की सर्व मासे त्यात जगणे शक्य नव्हते. अर्ध्याहून अधिक माल, म्हणजे ५०० किलो, व्यापाऱ्याला किलोला ११० रुपयांनी द्यावा लागला. त्या दिवसांत बेळगावच्या बाजारात कारवार आणि गोव्याकडची समुद्राची मासळी मुबलक येते आणि आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला तीच अधिक आवडते, त्यामुळे तळ्यातल्या माशाला भाव मिळत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. समुद्राची आवक घटते, तिकडे आखाड सुरू असतो आणि श्रावण लागण्यापूर्वी लोकांना मासळी हवी असते. उरलेला ३६० किलो मासा आम्ही याच दिवसांत बांधावर उभे राहून, जिवंत, किलोला १६० रुपयांनी विकला. मासा तोच, पाणीही तेच, दोन महिन्यांच्या अंतराने किलोमागे ५० रुपयांचा फरक पडला.

वहीतली बेरीज अशी आहे. व्यापाऱ्याकडून ५५,००० आणि बांधावरच्या विक्रीतून ५७,६०० मिळून १,१२,६०० रुपये आले. सुमारे ४० किलो मासा घरात खाल्ला आणि भावकीत वाटला. खर्चात खाद्य ४९,०००, बीज ६,५०० आणि चुना, शेणखत, जाळे, डिझेल, मजुरी यांचे १२,५०० असे ६८,००० रुपये झाले. ४४,६०० रुपये उरले आणि दागिन्यांचे व्याज वजा जाता ३२,६०० राहिले. बीज-खाद्यावरचे अनुदान यात धरलेले नाही, कारण ते दरवर्षी मिळणारे नाही. घरच्या माणसांचे श्रमही धरलेले नाहीत आणि खोदाईच्या १,५२,००० मधून अनुदानाचे ८४,००० वजा जाता अडकलेले आमचे ६८,००० रुपये अजून वसूल व्हायचे आहेत. तुलनेसाठी सांगते, त्याच अर्ध्या एकरात आम्हाला फार तर नऊ क्विंटल भात होत असे. २०२३-२४ च्या २,१८३ रुपयांच्या हमीभावाने त्याचे वीस हजारही होत नाहीत आणि त्यातूनच बियाणे, खत, लावणीची मजुरी जाते. तळे भातापेक्षा सरस आहे यात शंका नाही. परंतु भात न विकता खाता येतो, वर्षाचा तांदूळ घरात आहे हा धीर तळे देऊ शकत नाही. उरलेली भातशेती आम्ही म्हणूनच मोडणार नाही.

यजमान अजूनही गोव्याला जातात, मात्र दागिने सुटले आहेत आणि मुलीच्या कॉलेजची फी पहिल्यांदाच उसनवारी न करता भरली. विक्रीच्या पैशातून पुढच्या बीजाचे आणि पहिल्या तीन महिन्यांच्या खाद्याचे पैसे काढून मी ते वेगळ्या खात्यात ठेवते, ते घरखर्चाला वापरायचे नाहीत असे सर्वांच्या संमतीने ठरले आहे. पुढच्या हंगामात आम्ही १,६०० ऐवजी १,२०० बोटुकली सोडली. संख्या कमी असल्याने उन्हाळ्यातल्या थोड्या पाण्यातही मासे तग धरू शकतात, खाद्यही कमी लागते आणि बहुतेक माल जूनपर्यंत राखून बांधावर विकता येतो.